वाद कसा घालावा? शिवजन्माच्या तारखेचा वाद काय शिकवतो

थोडक्यात

- वाद आणि भांडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय न्यायशास्त्राने हा फरक फार पूर्वी सांगितला आहे.
- शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, हा प्रश्न पुण्यातल्या अभ्यासकांनी अनेक दशके कागदपत्रांच्या आधारे लढवला. त्या वादाचे एक मोठे केंद्र सदाशिव पेठेत होते.
- पुरावा कसा तोलावा, नवा पुरावा आल्यावर काय करावे आणि प्रश्न बदलला हे कसे ओळखावे, हे या एका वादातून समजते.
- हीच पद्धत सोसायटीच्या सभेत, घरात आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वापरता येते.

सदाशिव पेठ म्हटले की पुण्याबाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात: दारावरच्या पाट्या आणि वाद घालण्याची हौस. पु. ल. देशपांडे यांनी पुणेकर होण्याच्या अटी सांगताना, प्रत्येक विषयावर ठाम मत असण्याची थट्टा केली ती याच ख्यातीवरून. थट्टेचा भाग सोडला तरी एक गोष्ट उरते. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसलेल्या या पेठेत आणि तिच्या आसपास गेली दीडशे वर्षे वादाला स्वतःची जागा, वेळ आणि काही नियमही मिळाले. एरवी चहाच्या टपरीवर विरून गेली असती अशी मते इथे कागदावर आली, छापली गेली, खोडली गेली आणि कधीकधी बदललीसुद्धा.

## वाद म्हणजे नेमके काय?

रोजच्या मराठीत 'वाद' हा शब्द भांडणासाठीही वापरतात. "त्या दोघांत वाद आहे" असे म्हटले की ऐकणाऱ्याला अबोला, कोर्टकचेरी किंवा जमिनीची हद्द आठवते. शास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ बराच नेमका आहे.

अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत.

वाद: दोन्ही बाजूंना सत्य काय ते जाणून घ्यायचे असते. प्रत्येक जण आपला पक्ष प्रमाणांच्या आधारे मांडतो आणि समोरच्याचा पक्ष तपासतो.

जल्प: इथे हेतू जिंकण्याचा असतो. आपला पक्ष असतो, पण तो टिकवण्यासाठी शब्दच्छलासारख्या युक्त्याही चालतात.

वितंडा: यात स्वतःचा पक्षच मांडलेला नसतो. समोरचा जे म्हणेल ते खोडायचे, एवढेच काम. मराठीतला 'वितंडवाद' हा शब्द इथूनच आला.

सोशल मीडियावरच्या बहुतेक चर्चा यांपैकी कोणत्या खान्यात बसतात, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. एखाद्याने कर्जमाफीवर, भाषेच्या सक्तीवर किंवा क्रिकेटच्या संघनिवडीवर काही लिहावे आणि खालच्या शंभर प्रतिक्रियांत एकानेही "मग काय करायला हवे" हे सांगू नये, तर ती वितंडा. तिथे कितीही वेळ घालवला तरी हाती काही लागत नाही, कारण तपासायला समोर पक्षच नसतो.

न्यायशास्त्रात 'छल' नावाचा दोषही सांगितला आहे आणि त्याचे जुने उदाहरण मराठी माणसाला सहज कळण्यासारखे आहे. कोणी म्हणाले, "याच्याकडे नव कंबल आहे." बोलणाऱ्याला म्हणायचे आहे, नवे कांबळे आहे. ऐकणारा मुद्दाम 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ लावतो आणि म्हणतो, "नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते!" समोरच्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडायचे. आज एखाद्याच्या वीस मिनिटांच्या भाषणातले आठ सेकंद कापून फिरवले जातात, तेव्हा वेगळे काही घडत नाही.

## वादाला जागा लागते

चांगला वाद नुसत्या चांगल्या हेतूने होत नाही. त्याला जागा लागते, ऐकणारे लागतात आणि बोललेले नंतर तपासता यावे अशी सोय लागते. पुण्यात हे हळूहळू उभे राहिले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या दिवसांत एकेका विषयावर जाणकाराने बोलायचे आणि गावाने ऐकायचे, ही तिची पद्धत. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात ती अनेक वर्षे भरत आली आहे. त्याच रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे.

टिळक आणि आगरकर यांच्यातला मतभेद तर मराठी वादाच्या इतिहासाचा पायाच मानला जातो. गोपाळ गणेश आगरकर १८८१ पासून 'केसरी'चे संपादक होते. समाजसुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, यावरून सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. दोन मित्रांचे मतभेद दोन वृत्तपत्रांच्या रकान्यांतून गावासमोर आले. त्यात बोचरे शब्द होते, कटुताही होती. आगरकरांच्या विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. म्हणजे त्या काळीही सगळा वाद सभ्य होता, असे मानायचे कारण नाही. पण दोन्ही बाजू छापून राहिल्यामुळे, कोण काय म्हणाले आणि कोणत्या कारणाने म्हणाले, हे आजही वाचता येते.

७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. सदाशिव पेठेतल्या या मंडळात घराण्यांच्या दप्तरांतून आलेले मोडी कागद, ताम्रपट, नाणी आणि हस्तलिखिते जमा होऊ लागली. तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मंडळाच्या सभा. अभ्यासकाने सापडलेला कागद सभेपुढे ठेवायचा, त्यावर टिपण वाचायचे, मग ते मंडळाच्या अहवालांत आणि त्रैमासिकात छापायचे. छापलेल्या टिपणाला दुसऱ्याने पुढच्या अंकात उत्तर द्यायचे. एका प्रसिद्ध वादाचा बराच भाग याच पद्धतीने पुढे सरकला.

## १६२७ की १६३०?

शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला, याबद्दल दुमत नव्हते. कधी झाला, याबद्दल मात्र होते.

जुन्या बखरींत आणि त्यांच्यावर विसंबणाऱ्या इतिहासांत जन्माचे साल १६२७ दिलेले असे. प्रचलित तिथी होती शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया. इंग्रजी तारखेत ती ६ एप्रिल १६२७ अशी मांडली गेली. लोकमान्य टिळकांनी १९०० मध्ये 'केसरी'तून या प्रश्नाची चर्चा केली. त्या वेळी हाती असलेल्या साधनांवरून त्यांचा कल १६२७ कडे होता.

पुढे त्यांच्याकडे एक नवे साधन आले. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली होती, म्हणजे सालवार घटनांच्या नोंदींची वही. या घराण्यातले कान्होजी जेधे हे शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळापासूनचे सहकारी. शकावलीत महाराजांच्या जन्माची नोंद होती आणि ती वेगळीच होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

सोळा वर्षांपूर्वी वेगळ्या सालाकडे कल दाखवलेल्या टिळकांनी ही शकावली १९१६ मध्ये मंडळाच्या संमेलनवृत्तातून प्रसिद्ध केली. आपल्या आधीच्या लेखाला अडचणीचा ठरणारा कागद स्वतःच सर्वांसमोर ठेवला. वाद घालणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते. आपल्या बाजूचे पुरावे शोधायला कोणीही धावतो. विरुद्ध बाजूचा पुरावा हाती आला तर तो ड्रॉवरमध्ये ठेवायचा की टेबलावर, हे माणसाचा हेतू सांगते.

## पुरावा तोलायचा कसा?

एक कागद सापडला म्हणून प्रश्न लगेच सुटला नाही आणि सुटायलाही नको होता. शकावली नकलून आलेली होती. नकलताना चुका होतात. एका घराण्याच्या वहीतली नोंद सर्व बखरींपेक्षा खरी का मानावी, असा प्रश्न विचारणे रास्तच होते. जदुनाथ सरकारांसारख्या ज्येष्ठ इतिहासकारानेही आपल्या शिवचरित्रात १६२७ हेच साल धरले होते. तेव्हा अभ्यासकांनी काही कसोट्या लावल्या. आजच्या कोणत्याही दाव्याला त्याच लावता येतात.

पहिली कसोटी: सांगणारा घटनेच्या किती जवळ होता? १६२७ सांगणाऱ्या बखरींपैकी महत्त्वाची मानली गेलेली चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. म्हणजे महाराजांच्या जन्मानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. जेधे शकावलीतल्या नोंदी शिवकाळाच्या खूपच जवळच्या. ऐकीव गोष्ट जितक्या तोंडांतून जाते तितकी बदलते, हे गावगप्पांवरूनही माहीत असते.

दुसरी कसोटी: आतला तपशील आपसांत जुळतो का? शकावलीत नुसते साल नाही. तिथी आहे आणि वारही आहे. ग्रहगणिताने मागे जाऊन पाहिले तर १९ फेब्रुवारी १६३० या दिवशी खरोखरच शुक्रवार येतो. मागाहून मनाने रचलेल्या नोंदीत तिथी आणि वार सहजासहजी जुळत नाहीत.

तिसरी कसोटी: वेगळ्या ठिकाणचा, स्वतंत्र साक्षीदार आहे का? कवींद्र परमानंदाने शिवाजी महाराजांच्या हयातीत रचलेले 'शिवभारत' हे संस्कृत काव्य सदाशिव महादेव दिवेकर यांना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मिळाले. मंडळाने ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातही जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया हीच. मावळातली एक वही आणि शेकडो मैलांवरच्या तंजावरातले एक काव्य, एकमेकांची नक्कल असण्याचे कारण नसलेली ही दोन साधने एकाच दिवसावर येऊन थांबली. पुढे राजस्थानातून मिळालेल्या एका जुन्या कुंडलीचाही आधार देण्यात आला.

तिसऱ्या कसोटीचा आजचा अर्थ साधा आहे. एकच फॉरवर्ड पाच ग्रुपांवर आला म्हणजे पाच पुरावे झाले, असे नाही. तो एकच पुरावा पाच वेळा आला. पाच जणांनी वेगवेगळ्या मार्गांनी तीच गोष्ट पाहिली असेल, तरच वजन पाचपट होते.

तरीही एकमत झाले नाही. महाराष्ट्र शासनाने १९६६ मध्ये इतिहासकारांची समिती नेमली, तीही एकमुखाने निर्णय देऊ शकली नाही. अखेर २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. शकावली छापली गेली त्याला तेव्हा पंच्याऐंशी वर्षे झाली होती.

एवढा काळ लागला म्हणजे वाद वाया गेला, असे म्हणता येईल का? उलट पाहिले तर या काळात तिथी शोधता शोधता कितीतरी जुने कागद वाचले गेले, पंचांगाचे गणित तपासले गेले, बखरींवर किती भरवसा ठेवावा याचे भान आले. उत्तर एका ओळीचे असले तरी त्याच्याकडे जाणारी वाट पुढच्या अभ्यासकांच्या कामाची ठरली.

## प्रश्न कधी बदलतो?

शासनाने तारीख ठरवल्यावरही एक वाद उरला: शिवजयंती तारखेने साजरी करावी की तिथीने? दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये हा विषय निघतो. पण हा आधीचा वाद नाही. आधीचा प्रश्न होता, "जन्म कोणत्या दिवशी झाला?" त्याचे उत्तर कागदांतून मिळते. आताचा प्रश्न आहे, "उत्सव कोणत्या कालगणनेने करावा?" त्याचे उत्तर कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, कारण तो परंपरेचा, सोयीचा आणि आवडीचा प्रश्न आहे. इतिहासाचा पुरावा फेकून इथे कोणी कोणाला हरवू शकत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेची आहे. आज जगभर वापरात असलेल्या ग्रेगोरियन कालगणनेने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. म्हणून कोणी "१ मार्च" म्हणाला तर तो लगेच चूक ठरत नाही. आधी विचारायला हवे, कोणत्या कालगणनेने? अनेक वाद असे असतात की दोघेही खरे बोलत असतात, फक्त एकाच शब्दाने वेगळ्या गोष्टी मोजत असतात.

रोजच्या वादांतही तीन प्रकारचे प्रश्न एकात एक गुंततात:

- वस्तुस्थितीचा प्रश्न: काय घडले, किती झाले, कधी झाले? (पुरावा पाहून सुटतो.)
- मूल्याचा प्रश्न: योग्य काय, न्याय्य काय? (कारणे देऊन, एकमेकांना समजून घेऊन पुढे जातो.)
- निर्णयाचा प्रश्न: आता काय करायचे? (तडजोड किंवा मतदानाने सुटतो.)

ते वेगळे काढले की निम्मा आवाज कमी होतो.

## वादात कोणाला बोलावले होते?

पुण्याच्या वादपरंपरेचे कौतुक करताना एक प्रश्न टाळता येत नाही. या सभांत कोण बसले होते आणि कोण बाहेर होते?

१८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. महात्मा जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले. त्यांनी पत्र लिहून येण्यास नकार दिला. शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून समान हक्क द्यायला जे तयार नाहीत, त्यांच्या सभेतून त्या लोकांच्या हिताचे काही निघणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तो राग होता, पण त्याला कारण दिलेले होते. चर्चेचे नियम समान असले तरी बसण्याचा हक्क समान नसेल तर त्या चर्चेचा निष्कर्ष सर्वांचा कसा मानायचा, हा मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

त्याच्या तीन वर्षे आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापले गेले. सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने बायकांच्या चारित्र्यावर वृत्तपत्रांतून टीका सुरू झाली. ताराबाईंनी उत्तर दिले ते तुलनेच्या रूपात: जे दोष बायकांचे म्हणून सांगता, ते एकेक घेऊ आणि पुरुषांत ते आहेत का पाहू. समोरच्याचाच दावा उचलायचा आणि त्याच कसोटीवर त्याला उभे करायचे, ही वादाची अस्सल रीत. पण ज्या सभांत स्त्रियांविषयी ठरत होते, तिथे अशा लेखिकेला खुर्ची नव्हती.

घरातही असेच होते. मुलीच्या शिक्षणाचा किंवा आजोबांना कुठे ठेवायचे याचा निर्णय घेताना मुलगी आणि आजोबा खोलीत नसतील, तर चर्चा कितीही शांतपणे झाली तरी ती अपुरीच.

## वाद बंद पडतो तेव्हा

पुरावा आणि कारण यांची जागा दुसऱ्या कशाने घेतली की काय होते, तेही पुण्याने पाहिले आहे.

अमेरिकन अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या मजकुराला २००३ मध्ये तीव्र आक्षेप घेतले गेले. इतिहासाच्या काही अभ्यासकांनी लेखी हरकत नोंदवली आणि प्रकाशकाने पुस्तक भारतातून मागे घेतले. म्हणजे लेखी आक्षेपाचा मार्ग उपयोगी पडला होता. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला केला आणि ग्रंथ, हस्तलिखिते व जुन्या वस्तूंची नासधूस केली. ज्या प्रकारच्या कागदांच्या बळावर जन्मतिथीचा प्रश्न सुटला, तसेच कागद तिथे पायदळी आले.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम आणि 'साधना' साप्ताहिकाचे संपादन करताना ते विरोधकांशी सभांतून, लेखांतून, चर्चांतून बोलत राहिले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला, तो विधिमंडळात डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाला. तेव्हा ते नव्हते.

म्हणून वादाची किंमत ही केवळ हुशारी दाखवण्याची बाब राहत नाही. मतभेद सोडवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. बोलण्याचा मार्ग बंद झाला की उरलेले मार्ग असे असतात.

## सोसायटीत, घरात, फोनवर

पेठांतले अनेक वाडे पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्या. मालक-भाडेकरूंच्या जागी सभासद आले आणि वादांचे रूपही बदलले. एक नेहमीचा प्रसंग पाहू. चार मजली जुन्या इमारतीत लिफ्ट बसवायची आहे. तळमजल्यावरच्या काकू म्हणतात, "आम्हाला जिना चढायचाच नाही, मग आम्ही पैसे का द्यायचे?" चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात, "माझ्या गुडघ्यांचा विचार कोणी करणार की नाही?" पाचव्या मिनिटाला दहा वर्षांपूर्वीचे पार्किंग निघते आणि सभा तिथेच संपते.

वर पाहिलेली पद्धत इथे लावली तर काय दिसते?

वस्तुस्थिती: लिफ्टला खर्च किती, देखभालीचा दरमहा किती, जागा आहे का, परवानगी लागेल का? यावर मते मांडण्यात अर्थ नाही. दोन-तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवायचे आणि सभेआधी सर्वांना पाठवायचे.

मूल्य: जो वापरत नाही त्याने भार उचलावा का? काकूंचे म्हणणे हटवादी नाही, त्यात न्यायाचा मुद्दा आहे. आजोबांच्या म्हणण्यातही आहे. सर्वांनी सारखे, मजल्याप्रमाणे कमी-जास्त, की बांधणीचा खर्च एका पद्धतीने आणि देखभालीचा दुसऱ्या, असे पर्याय इथे मांडता येतात.

निर्णय: यंदा की पुढच्या वर्षी? ठराव, मतदान आणि इतिवृत्तात नोंद. नोंद महत्त्वाची, नाहीतर पुढच्या सभेत "असे ठरलेच नव्हते" हा नवा वाद.

पार्किंगचा विषय खोटा नाही, पण तो दुसरा विषय आहे. त्याला वेगळा क्रमांक द्यायचा.

## चांगल्या वादाच्या सात सवयी

१. आधी पूर्वपक्ष मांडावा. आपल्या शास्त्रग्रंथांत लेखक आधी विरोधकाचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडतो आणि मग उत्तर देतो. "तुमचे म्हणणे असे आहे, बरोबर?" असे विचारून समोरच्याने "हो" म्हटल्यावरच उत्तर द्यावे.

२. दावा आणि कारण वेगळे सांगावे. न्यायशास्त्राचे नेहमीचे उदाहरण: डोंगरावर आग आहे (दावा), कारण तिथे धूर दिसतो (हेतू), जसे स्वयंपाकघरात दिसते (उदाहरण). "मला असे वाटते" याच्यापुढे "कारण" हा शब्द आला नाही, तर तो अजून वाद झालेला नाही.

३. माणसाला नाही, मुद्द्याला उत्तर द्यावे. "तू कधी पेठेबाहेर गेला आहेस का?" याने समोरच्याचा मुद्दा खोटा ठरत नाही.

४. उदाहरण आणि नियम यांत गल्लत करू नये. "आमच्या आत्याला त्या काढ्याने बरे वाटले" ही एका आत्याची हकिगत आहे, औषधाचा पुरावा नाही.

५. काय दिसले तर मत बदलेन, हे आधीच सांगावे. "काहीही दाखवले तरी नाही" असे उत्तर मनात आले, तर ती श्रद्धा आहे. श्रद्धा असायला हरकत नाही, पण तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

६. विरुद्ध पुरावा लपवू नये. शकावली छापली गेली म्हणूनच पुढचा प्रवास झाला.

७. मत बदलणाऱ्याला टोमणा मारू नये. "शेवटी आलास ना वळणावर!" हे ऐकावे लागणार असेल तर पुढच्या वेळी कोणीही आपले मत बदलल्याचे कबूल करणार नाही.

## नेहमीचे काही प्रश्न

प्रत्येक गोष्टीवर वाद घालायलाच हवा का?
नाही. आवडीनिवडीवर वाद नसतो. मिसळ कुठली चांगली, हा गप्पांचा विषय आहे. समोरचा दुःखात असेल, भीतीत असेल, तेव्हाही तर्क बाजूला ठेवून आधी ऐकून घ्यावे. समोरचा केवळ वितंडा करत असेल तर निघून जाणे हा पराभव नाही.

मोठ्यांशी वाद घालणे उद्धटपणा नाही का?
सूर आणि आशय वेगळे असतात. "बाबा, मला हे पटत नाही, कारण असे असे" यात आदर कमी होत नाही. "तुम्हाला काही कळत नाही" यात कारणच नाही, फक्त अपमान आहे. ज्या घरात मुलांना कारण विचारता येते, तिथे ती बाहेरही कारण विचारायला शिकतात. फसवणूक करणारा फोन आला तरी.

फोनवर लिहून वाद का बिघडतो?
लिहिलेल्या शब्दांत सूर, चेहरा आणि थांबणे दिसत नाही. शिवाय ग्रुपवर बोलताना समोरच्याला समजावण्यापेक्षा बघणाऱ्यांना दाखवण्याची ओढ जास्त असते आणि मग वादाचा जल्प होतो. महत्त्वाचा मतभेद असेल तर ग्रुप सोडून थेट फोन करावा किंवा भेटावे.

वादातून निर्णयच झाला नाही तर?
चालते. जन्मतिथीचा प्रश्न समितीलाही एकमताने सोडवता आला नव्हता. नेमके कुठे जुळत नाही आणि काय सापडले तर ते जुळेल, हे लिहून ठेवले तरी वाद पुढे गेला. पुढचा कागद हाती येईल तेव्हा त्याचे काय करायचे, हे मग नव्याने भांडून ठरवावे लागत नाही.